पकड आणि पारख : डीएनए, प्रथिने आणि धातूंचे आयन



पाठ्यपुस्तकांतल्या चित्रात जनुकाचे नियंत्रण ही दोघांची गोष्ट असते. एका बाजूला डीएनएची दुहेरी सर्पिल शिडी, दुसऱ्या बाजूला तिच्यावर येऊन बसणारे प्रथिन. दोघांचे आकार जुळले की प्रथिन आपली जागा पकडते आणि जनुक चालू किंवा बंद होते. हे चित्र चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि ते का अपुरे आहे हे मांडणे हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. ई. कोलाय या जिवाणूच्या जनुकसंचात सुमारे ४६ लाख बेस-जोड्या असतात. दुधातली साखर पचवणाऱ्या जनुकांवर पहारा ठेवणाऱ्या लॅक रिप्रेसर या प्रथिनाचे जेमतेम दहा-एक रेणू त्या पेशीत असतात. त्यांनी ताबा घ्यायची मुख्य जागा वीस-एकवीस बेस-जोड्यांची. म्हणजे बरोबर जागा एक आणि चुकीच्या जागा लाखो. शिवाय प्रत्येक चुकीच्या जागेवरही तेच फॉस्फेट आहेत, तोच ऋणभार आहे. अशा ठिकाणी नेमकी जागा कशी सापडते? माझे म्हणणे असे की या भेटीत तिसरा भागीदार नेहमी हजर असतो. तो म्हणजे धातूचा आयन : पोटॅशियम, मॅग्नेशियम, जस्त, लोह, कधी पाराही. त्याची मुख्य कामगिरी प्रथिनाची पकड घट्ट करणे ही नसून प्रथिनाला पारख देणे ही आहे.

पकड आणि पारख हे दोन शब्द मी मुद्दाम वेगळे ठेवतो. नाणे मुठीत घट्ट धरता येणे वेगळे आणि ते खरे की खोटे हे सांगता येणे वेगळे. सराफाची किंमत दुसऱ्या गुणावर ठरते. प्रथिन डीएनएला किती जोराने चिकटते, ही झाली पकड. योग्य अनुक्रमाला ते जितक्या जोराने चिकटते आणि अयोग्य अनुक्रमाला जितक्या जोराने चिकटते, त्या दोन जोरांचे गुणोत्तर म्हणजे पारख. पारखेला आणखी एक अंग आहे, ते काळाचे : योग्य वेळी बसणे आणि योग्य वेळी उठणे. धातूंच्या आयनांविषयीचा गेल्या अर्धशतकातला पुरावा या भेदाच्या उजेडात तपासला, तर एरवी सुटे सुटे वाटणारे प्रयोग एकाच दिशेला बोट दाखवतात.

सुरुवात अगदी साध्या आयनांपासून करू. डीएनए हा निसर्गातल्या सर्वाधिक भारित रेणूंपैकी एक आहे. दुहेरी शिडीच्या अक्षावर दर ०.१७ नॅनोमीटरला एक ऋणभार येतो. इतके ऋणभार इतक्या दाटीने पाण्यात उघडे राहूच शकत नाहीत. १९६९ मध्ये जेराल्ड मॅनिंग यांनी दाखवून दिले की अशा रेणूभोवती धनभारित आयन आपोआप दाट जमतात. एकभारी आयन असतील तर डीएनएचा सुमारे ७६ टक्के भार त्यांच्यामुळे झाकला जातो, आणि बाहेरच्या द्रावणात मीठ फार कमी असले तरी हा थर टिकून राहतो. तेव्हा प्रथिनाला भेटणारा डीएनए उघडा कधीच नसतो. प्रथिनाचे धनभारित हात फॉस्फेटांपर्यंत पोचतात तेव्हा तिथे आधीपासून बसलेल्या पोटॅशियम-सोडियमला जागा सोडावी लागते. मोकळे झालेले हे आयन द्रावणात पसरतात, एन्ट्रॉपी वाढते, आणि बंधनाला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा इथूनच येतो. द्रावणात आधीच आयनांची गर्दी असेल, तर मोकळे होण्याचा हा लाभ घटतो आणि पकड सैल पडते. १९७० च्या दशकात टॉमस रेकॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब आकड्यांत मांडला. मिठाच्या प्रमाणाचा लॉगॅरिदम एका अक्षावर, बंधनाच्या स्थिरांकाचा लॉगॅरिदम दुसऱ्यावर. येणाऱ्या सरळ रेषेच्या उतारावरून किती फॉस्फेटांशी प्रथिनाची गाठ पडली आहे हे काढता येते.

लॅक रिप्रेसरच्या बाबतीत या रेषांनी जे सांगितले ते माझ्या मुद्द्याच्या मुळाशी आहे. वाटेल त्या डीएनएवर बसताना हे प्रथिन सुमारे अकरा फॉस्फेटांशी भारबंध जोडते. आपल्या खऱ्या जागेवर बसताना हे बंध सुमारे आठच असतात. बाकीची ऊर्जा तिथे डीएनएच्या अक्षरांशी, म्हणजे बेसशी, होणाऱ्या थेट संपर्कातून, हायड्रोजन बंधांतून येते. मॅग्नेशियम नसलेल्या द्रावणात एकभारी मिठाचे प्रमाण दुप्पट केले, तर दोन्ही पकडी शंभर पटींहून अधिक सैल होतात, पण चुकीच्या जागेवरची पकड त्याहून आणखी काही पटींनी सैल होते. पकड घटली आणि पारख वाढली, तीही एकाच कारणाने. यावर असे विचारता येईल की मीठ इथे फक्त अडथळा आणते, त्याला पारखेचे श्रेय का द्यावे? उत्तर पेशीच्या अंकगणितात आहे. पेशीत लॅक रिप्रेसरचा बहुतेक साठा कोणत्याही क्षणी डीएनएवर कुठे ना कुठे बसलेलाच असतो. त्याची खरी स्पर्धा रिकाम्या पाण्याशी नसून लाखो चुकीच्या जागांशी आहे. अशा स्थितीत खरी जागा जिंकते ती तिच्यावरची पकड प्रचंड असल्याने नव्हे, तर बाकीच्या जागांवरची पकड पुरेशी ढिली असल्याने. चुकीच्या जागांवरून घसरत जाणे, सुटणे, पुन्हा बसणे या सगळ्याला ढिलाईच लागते, आणि ती ढिलाई आयन पुरवतात.

दुसरा पुरावा मॅग्नेशियमचा. तो अधिक नाट्यपूर्ण आहे आणि अधिक वादग्रस्तही. ईकोआर-व्ही हे जिवाणूंच्या बचावातले एक एन्झाइम आहे. ते GATATC, म्हणजे जी-ए-टी-ए-टी-सी, हा सहा अक्षरी अनुक्रम शोधते आणि मधोमध कापते. मॅग्नेशियमच्या उपस्थितीत एक अक्षर जरी बदलले तरी कापण्याचा वेग दहा लाख पटींहून अधिक घटतो, इतकी त्याची पारख काटेकोर. ब्रिस्टलमध्ये स्टीफन हॅलफर्ड यांच्या गटाने १९९१ मध्ये हेच एन्झाइम मॅग्नेशियमशिवाय डीएनएबरोबर ठेवले तेव्हा ते डीएनएला घट्ट चिकटले खरे, पण खऱ्या आणि खोट्या अनुक्रमांत त्याने काहीच फरक केला नाही. पकड पूर्ण, पारख शून्य. पुढे त्याच गटाने मॅग्नेशियमऐवजी कॅल्शियम वापरले. कॅल्शियममुळे एन्झाइमला कापता येत नाही, पण खरा अनुक्रम ओळखता येऊ लागला. कापण्याचे काम वेगळे काढून ओळखण्याचे काम एकट्याने पाहण्याची ही संधी होती. स्फटिक-रचनांनी यामागचे कारण सुचवले. खऱ्या जागेवर एन्झाइम डीएनएला सुमारे ५० अंशांनी वाकवते आणि फॉस्फेट एन्झाइममधल्या अॅस्पार्टिक आम्लाच्या ऋणभारित टोकांना जाऊन भिडतो. ऋणभाराजवळ ऋणभार आणण्याची किंमत मोठी असते. मध्ये धनभारित धातू असेल तर ती किंमत फिटते. चुकीच्या जागेवर डीएनए तसा वाकतच नाही, त्यामुळे धातूला बसायला घरच तयार होत नाही. म्हणजे धातूची खोबण एकट्या प्रथिनात पूर्ण नाही, एकट्या डीएनएतही नाही. दोघे बरोबर जुळले तरच ती पूर्ण होते.

या निष्कर्षाला आव्हान मिळाले, आणि ते गांभीर्याने घेण्यासारखे होते. दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून असे पुढे आले की द्रावण थोडे अधिक आम्लधर्मी केले तर ईकोआर-व्ही धातूशिवायही खरा अनुक्रम ओळखते. पारख धातूची, हा दावा मग टिकतो का? माझ्या मते हा आक्षेप दाव्याला मोडत नाही, त्याचे कारण अधिक नेमके करतो. आम्लता वाढली की अॅस्पार्टिक आम्लाच्या टोकांवर प्रोटॉन बसण्याची शक्यता वाढते आणि त्यांचा ऋणभार कमी होतो. म्हणजे जे काम धातू करतो त्याचा काही भाग प्रोटॉन करू शकतो. गरज आहे ती योग्य ठिकाणी ऋणभार झाकण्याची. पेशीच्या जवळपास उदासीन वातावरणात ते काम करायला हजर असलेला आणि पुरेशा प्रमाणात असलेला घटक म्हणजे मॅग्नेशियम. मुक्त मॅग्नेशियम पेशीत मिलिमोलरच्या आसपास असते.

आता जस्ताकडे येऊ. इथे धातू प्रथिनाच्या आतच राहायला आलेला आहे. आफ्रिकी बेडकाच्या अंड्यांतल्या टीएफ-थ्री-ए या प्रथिनाचा अभ्यास करताना, १९८५ मध्ये केंब्रिजच्या आरन क्लूग यांच्या गटाने ओळखले की त्यात सुमारे तीस अमिनो आम्लांचा एक घटक नऊ वेळा येतो, आणि प्रत्येक घटकात दोन सिस्टीन व दोन हिस्टिडीन मिळून एक जस्ताचा अणू धरतात. धातू बांधून घेणारे ईडीटीए घालून जस्त काढून घेतले की प्रथिनाची डीएनएवरची नेमकी बांधणी नाहीशी होते, हे त्याआधीच दिसले होते. या घटकालाच पुढे ‘झिंक फिंगर’ हे नाव मिळाले. तीस अमिनो आम्लांची साखळी इतकी छोटी असते की स्वतःच्या बळावर तिची घडी टिकत नाही. जस्त ती घडी टिकवते. १९९१ मध्ये निकोला पावलेटिच आणि कार्ल पॅबो यांनी झिफ-२६८ या प्रथिनाची डीएनएसह रचना उलगडली. तीन बोटे डीएनएच्या मोठ्या खोबणीत उतरलेली, आणि प्रत्येक बोट ढोबळमानाने तीन अक्षरे वाचते. त्या चित्रात जस्ताचा अणू डीएनएला कुठेही शिवत नाही. फक्त त्याला धरणाऱ्या दोनपैकी एका हिस्टिडीनची दुसरी बाजू एका फॉस्फेटला हायड्रोजन बंधाने टेकते. इथे टीकाकार विचारेल : जो अणू अक्षरांना शिवतही नाही, त्याला पारख कशी असेल? तो तर निव्वळ खांब आहे. हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर पी-५३ या प्रथिनाने दिले.

पी-५३ आपल्या पेशींतला कर्करोगविरोधी पहारेकरी आहे. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत त्याच्या जनुकात बिघाड सापडतो. पावलेटिच यांच्याच गटाने १९९४ मध्ये त्याच्या डीएनए-बांधणाऱ्या भागाची रचना दाखवली, तेव्हा तीन सिस्टीन आणि एक हिस्टिडीन यांनी धरलेला जस्ताचा एक अणू त्यात दिसला. जस्त निव्वळ खांब असता तर ते काढल्यावर सगळी इमारत कोसळायला हवी होती. प्रत्यक्षात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले ते वेगळेच. जस्त काढलेल्या पी-५३ ची घडी बरीचशी शाबूत राहिली, अनुक्रमाची पर्वा न करता डीएनएला चिकटणेही राहिले. गेली ती फक्त आपला अनुक्रम ओळखण्याची क्षमता. पुन्हा तेच : पकड राहिली, पारख गेली. कर्करोगात वारंवार सापडणाऱ्या बिघाडांपैकी एक नेमका इथला आहे. १७५ व्या जागी अर्जिनीनऐवजी हिस्टिडीन आले की जस्ताला धरणारी चौकट बिघडते आणि जस्त सुटते. अशा पी-५३ ला पुन्हा जस्त मिळवून देणारे रेणू प्रयोगशाळांत तपासले जात आहेत. यातून जस्ताच्या गोळ्या खाव्यात असा अर्थ कोणी काढू नये. बिघाड जस्ताच्या तुटवड्याचा नसून ते धरून ठेवण्याचा आहे, आणि अतिरिक्त जस्त पेशीला घातकही ठरते.

इथवरची पारख जागेची होती. काळाची पारख पाहायची तर घटसर्पाच्या जिवाणूकडे जावे लागेल. १९३६ मध्ये पॅपेनहायमर आणि जॉन्सन यांना दिसले की वाढीच्या माध्यमात लोह भरपूर असेल तर हा जिवाणू विष जवळजवळ बनवत नाही. लोह संपत आले की विष मोठ्या प्रमाणात बनते. कारण कळायला अर्धे शतक लागले. डीटीएक्सआर हे प्रथिन लोहाशी जोडले गेले की त्याची मांडणी बदलते, आणि दोन-दोन रेणूंच्या दोन जोड्या विषाच्या जनुकासमोरच्या जागेवर डीएनएच्या दोन बाजूंनी बसतात. लोह नसेल तर ते तिथून सुटते आणि विष बनू लागते. यात जिवाणूचा एक तर्क आहे. माणसाच्या शरीरात मोकळे लोह जवळपास नसतेच. ट्रान्सफेरिन आणि लॅक्टोफेरिन ते बांधून ठेवतात. त्यामुळे लोहाची टंचाई म्हणजे ‘आपण यजमानाच्या शरीरात आहोत’ ही खूण. आणखी लक्षणीय गोष्ट म्हणजे विषाचे जनुक मुळात जिवाणूचे नाहीच. ते त्याच्यात वास्तव्य करणाऱ्या विषाणूचे आहे. विषाणूचे जनुक जिवाणूच्या प्रथिनाचे ऐकते आणि ते प्रथिन लोहाचे ऐकते. क्षयाच्या जिवाणूतही याच कुळातले आयडीईआर हे लोहावर चालणारे प्रथिन आहे. ज्या देशात क्षयाचा भार जगात सर्वाधिक आहे, त्या आपल्या देशात या साखळीकडे निव्वळ कुतूहल म्हणून पाहणे परवडणारे नाही.

पाऱ्याचे उदाहरण तर पकड आणि पारख यांची पूर्ण फारकत करून दाखवते. मर्क्युरी-प्रतिकारक जिवाणूंतले मर-आर हे प्रथिन पारा असो वा नसो, डीएनएवर त्याच जागी बसलेले असते. त्या जागी जनुकाच्या दोन खुणांमधले अंतर नेहमीच्या १७ ऐवजी १९ बेस-जोड्यांचे आहे. त्यामुळे आरएनए बनवणाऱ्या यंत्रणेला दोन्ही खुणा एकाच वेळी नीट सापडत नाहीत. पारा येऊन मर-आरला जोडला गेला की डीएनएचा पीळ सुमारे ३३ अंशांनी सैल होतो, खुणा रांगेत येतात आणि पारा निकामी करणारी जनुके चालू होतात. टॉमस ओ’हॅलोरन यांच्या गटाने १९९० च्या दशकात हे दाखवले. पकडीत फारसा बदल नाही, जागेत बदल नाही. बदलला तो त्या बसण्याचा अर्थ. बंधन किती घट्ट, एवढेच मोजणाऱ्या प्रयोगाला इथे मुख्य घटना दिसलीच नसती.

आता सर्वात वजनदार आक्षेपाकडे वळतो. म्हणता येईल की मिठाचे प्रमाण बदलणे हा प्रयोगशाळेतला खेळ आहे, जिवंत पेशी आपले आयन स्थिर ठेवते. मग आयनांना नियंत्रक म्हणायचे कशाला? या आक्षेपाचा सर्वात सबळ आधार रेकॉर्ड यांच्याच गटाने दिला, हे नमूद करायला हवे. १९८७ मध्ये त्यांनी दाखवले की बाहेरची क्षारता बदलली की ई. कोलायच्या आतले पोटॅशियम कित्येक पटींनी बदलते, आणि तरी लॅक रिप्रेसरचे काम पेशीत फारसे बिघडत नाही. परीक्षानळीतल्या हिशेबाप्रमाणे ते कोलमडायला हवे होते. तर मग आयनांचा परिणाम नाहीच का? मला निष्कर्ष उलट वाटतो. क्षारता वाढली की पेशीतले मोकळे पाणी कमी होते, मोठ्या रेणूंची दाटी वाढते, आणि दाटी बंधनाला पोषक असते. शिवाय पेशीतला पोटॅशियमचा जोडीदार मुख्यतः ग्लुटामेट असतो, आणि तो क्लोराइडइतका बंधनाला मारक नाही. एक बाजू सैल पडते तेव्हा दुसरी घट्ट होते. जो परिणाम नगण्य असतो त्याची भरपाई करायला कोणतीही व्यवस्था लागत नाही. या भरपाईनेच आयनांचे वजन सिद्ध होते. मात्र एक मर्यादा मी मोकळेपणाने मान्य करतो : पोटॅशियमसारखे विपुल आयन पेशीला पार्श्वभूमी देतात, संदेश देत नाहीत. संदेशवहन दुर्मीळ आयनांचे.

आणि त्या दुर्मीळ आयनांविषयीही एक अडचण उभी राहते. परीक्षानळीत डीटीएक्सआर लोहाऐवजी कोबाल्ट, निकेल किंवा मँगनीजनेही जागे होते. झिंक फिंगरमध्ये जस्ताच्या जागी कोबाल्ट घालून अभ्यास करण्याची पद्धत तर सर्रास आहे. धातू असे बदलता येत असतील तर त्यांतून नेमका संदेश कसा जाईल? १९५३ मध्ये अर्व्हिंग आणि विल्यम्स यांनी मांडलेला क्रम ही अडचण आणखी गडद करतो : मँगनीजपासून लोह, कोबाल्ट, निकेल, तांबे असे पुढे जावे तसे धातू अधिक घट्ट बांधले जातात आणि जस्ताला थोडी उतरण लागते. मोकळी स्पर्धा झाली तर तांबे आणि जस्त सगळ्या जागा बळकावतील. उत्तर असे की पेशी मोकळी स्पर्धा होऊच देत नाही. २००१ मध्ये आउटन आणि ओ’हॅलोरन यांनी ई. कोलायच्या दोन जस्त-संवेदक प्रथिनांची संवेदनशीलता मोजली. ती फेम्टोमोलरच्या घरात निघाली. एका जिवाणूच्या आकारमानात जस्ताचा एकच मोकळा अणू असला, तरी त्याचे प्रमाण याच्या लाखो पट होते. पण त्याच पेशीत एकूण जस्ताचे दोनेक लाख अणू असतात. म्हणजे ते सारे कुठे ना कुठे बांधलेले असतात आणि पेशी जस्त मोकळे फिरू देत नाही. तेव्हा लोहाचा संदेश लोहाचाच राहतो तो एकट्या डीटीएक्सआरच्या निवडीमुळे नव्हे, तर बाकी धातूंवर पेशीने ठेवलेल्या कडक हिशेबामुळे. पारख इथे एका रेणूचा गुण न राहता संपूर्ण पेशीचा गुण होते. शिसे किंवा कॅडमियम शरीरात शिरले की हा हिशेब फसतो. हे दोन्ही धातू जस्ताच्या जागा घेऊ शकतात, आणि त्यांच्या विषारीपणाचे एक कारण तेही मानले जाते.

शेवटचा आक्षेप सार्वत्रिकतेचा. ईकोआर-वन हे ईकोआर-व्हीचे भावंड मॅग्नेशियमशिवायही आपला अनुक्रम ओळखते. कित्येक नियंत्रक प्रथिनांत धातूचा अणूच नसतो. म्हणून सगळी पारख धातूचीच असे मी म्हणत नाही. अक्षरे वाचली जातात ती अमिनो आम्लांच्या हायड्रोजन बंधांनी आणि डीएनएच्या आकाराने. माझा दावा इतकाच, पण ठाम आहे : ज्या प्रथिनात धातू नाही त्याच्याही पारखेची पातळी भोवतालच्या आयनांनी ठरते, आणि ज्यात धातू आहे तिथे तो बहुधा पकडीपेक्षा पारखेच्या बाजूने काम करतो. डीएनएचा ऋणभार सगळीकडे सारखा आहे, त्यामुळे भाराने मिळणारी पकड आंधळीच असणार. त्या आंधळ्या पकडीला आवर घालून निवडीला वाव देणे हे धनभारित आयनाला स्वभावतःच जमणारे काम आहे.

हे मान्य केले तर काही गोष्टी बदलाव्या लागतील. बंधनाचा स्थिरांक प्रसिद्ध करताना कोणते आयन, किती प्रमाणात, कोणत्या आम्लतेला, हे तळटिपेत न टाकता आकड्याचा भाग म्हणूनच लिहिले पाहिजे. त्याशिवाय तो आकडा अपुरा आहे. चुकीच्या अनुक्रमावरची पकडही त्याच द्रावणात मोजली पाहिजे, नाहीतर पारखेविषयी काहीच कळत नाही. २०२४ मध्ये आलेली अल्फाफोल्ड-३ ही संगणकीय प्रणाली प्रथिन, डीएनए आणि आयन यांची एकत्र रचना वर्तवते, हे मोठे पाऊल आहे. पण रचना कळली म्हणून किती पोटॅशियममध्ये ते बंधन टिकेल आणि कोणत्या क्षणी सुटेल हे कळत नाही. ते मोजावेच लागते, आणि ते मोजण्यासाठी महागडी यंत्रे नव्हे, काटेकोर हात लागतात. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयांना हे काम करता येण्यासारखे आहे. वर्गात शिकवतानाही जनुकसंचाला सर्व काही ठरवणारा लेख म्हणून उभा करणे थांबवले पाहिजे. अनुक्रम आवश्यक आहे, पण तो कोणत्या आयनांच्या संगतीत वाचला जातो यावर त्याचा अर्थ अवलंबून आहे. म्हणून डीएनएच्या चित्रात प्रथिनाशेजारी आयनही काढला पाहिजे, आणि विद्यार्थ्याने ‘हे प्रथिन कुठे बसते’ एवढेच न विचारता ‘कशाच्या उपस्थितीत बसते’ हेही विचारले पाहिजे. हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्या शिक्षणात रुजावी अशी मागणी मी आपल्यासमोर ठेवतो.